वाघाचे वचन, अकरा वाजता

नव्वदच्या दशकातली सात-आठ वर्षं मी दादरच्या एका लहानशा प्रवास कंपनीत सहलीबरोबर जाणारा माणूस होतो. काम सोपं होतं. चाळीस मराठी माणसं विमानात बसवायची, उष्ण कटिबंधातल्या कुठल्यातरी बेटावर उतरवायची, पाच दिवस त्यांची डोकी मोजायची आणि तितकीच परत आणायची. त्यांना समुद्रकिनारी बसून घरून आणलेल्या दशम्या खाता येतील एवढी सावली शोधणं, हेही माझ्याकडेच असे.

तिसऱ्या दिवशी साडेदहा ते साडेअकरा आमचा कार्यक्रम ‘पारंपरिक खेडे’ हा असे. एक माणूस कमरेला फडकं गुंडाळून माडावर चढायचा, एक शहाळं तोडायचा, खाली उतरून हसायचा. आमची माणसं टाळ्या वाजवायची. रत्नागिरीत आयुष्य घालवलेले एक आजोबासुद्धा टाळ्या वाजवताना मी पाहिले आहेत. एकदा मी पाण्याची बाटली भरायला झोपडीच्या मागे गेलो, तेव्हा तो माडावरचा माणूस तिथे पाटलोण घालून चहा पीत बसला होता. मनगटावर घड्याळ होतं. पुढच्या बसचा हॉर्न वाजला. त्यानं फडकं गुंडाळलं, घड्याळ काढून छपराच्या झावळ्यांत खोचलं आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसू पुढच्या अंगणातल्यासारखं नव्हतं.

मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. मला धंदा सुचला.

उष्ण कटिबंधात आपणही आहोतच की, असं मी परतीच्या विमानात स्वतःला सांगितलं. माझं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीपासून मुरबाडच्या अंगाला, डोंगराखाली. गावाच्या वरच्या बाजूला ठाकर आदिवासींची वाडी. मधे एक ओहळ, तोच खालच्या अंगानं वाडीची शीव. पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात धुकं, उन्हाळ्यात करवंदं. आणि मुंबई तीन तासांवर. इतकी वर्षं हे सगळं आमच्याकडे फुकट पडून होतं, आणि आम्ही मात्र किन्हवलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो.

दोन हजार साल उलटल्यावर मी नोकरी सोडली आणि ओहळापलीकडच्या आमच्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या जमिनीत चार खोल्या बांधल्या. खोल्या सिमेंटच्या, वर पत्रा आणि पत्र्यावर पेंढा, म्हणजे पारंपरिक. माहितीपत्रक मीच लिहिलं. त्यात मी आमच्या ओहळाला ‘अवखळ निर्झर’ म्हटलं, डासांविषयी काही म्हटलं नाही, आणि ज्यांच्यात लहानाचा मोठा झालो त्या माणसांना ‘निसर्गाच्या कुशीतले निरागस वनवासी’ म्हटलं. वाडीतल्या पोरांनी ते वाचलं. तेव्हापासून त्यांतले दोघे मला दिसले की एकमेकांना विचारत, “काय निरागस, जेवलास का?”

रविवारी पाहुणे येत. रविवारी वाडीनं कसं दिसावं याचे नियम मी केले होते. मोटारसायकली पेंढ्याच्या गंजीमागे. टीव्हीच्या अँटेनावर वाळत घातलेलं लुगडं. प्लास्टिकच्या खुर्च्या घरात. नायलॉनचं दावं काढून वेलाचं. वाडीतली माणसं हे सगळं करत, कारण खोल्यांवरचं काम त्यांच्या घरांत वाटून दिलेलं होतं आणि मी गावातला होतो. पाहुणे येत, शेणानं अंगण सारवायचे, जात्याला हात लावायचे, नाचणीच्या भाकरीचा फोटो काढायचे आणि पुलाव मिळेल का विचारायचे. एका बाईंनी हौसेनं भात झोडला. बोलता बोलता कळलं की त्यांचं माहेर सरळगावजवळचं. या झोडणीला कंटाळूनच त्यांनी शहरातलं स्थळ पत्करलं होतं.

पण अकरा वाजता दाखवायला काही नव्हतं. प्रत्येक सहलीला एक अकरा वाजताची गोष्ट लागते. माड आमच्याकडे नाही. मग मला वाघबारस आठवली.

आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाडीतली माणसं वाघबारस करतात. वाडीच्या शिवेवर ऐनाच्या झाडाखाली वाघदेव आहे. लाकडाची फळी, तिच्यावर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेला, वर शेंदूर. त्या दिवशी घराघरातून दूध-तांदूळ गोळा करून तिथे खीर शिजवतात. जो गुरं राखतो तो वाघ होतो. अंगावर राखेचे आणि कोळशाचे पट्टे, पाठीवर घोंगडी. बाकीचे काठ्या घेऊन त्याला घेरतात आणि तीनदा विचारतात, “येशील का परत आमच्या शिवारात?” दोनदा तो नुसता गुरगुरतो. तिसऱ्यांदा सांगतो, “नाय येणार.” मग पिकलेल्या काकड्या मारत त्याला शिवेबाहेर हाकलतात. नंतर सगळे खीर खातात आणि पानावर वाघाचा वाटा शिवेपलीकडे ठेवतात. झालं. वर्षभर गुरं रानात जायला मोकळी.

वाडीची आणि आमच्या गावाची गुरं एकच गुराखी राखत असे. माझ्या लहानपणापासून तोच. मला ओहळ ओलांडायला त्यानं शिकवलं, करवंदाची जाळी कुठून धरायची तेही. तो माझ्याहून तीसएक वर्षांनी मोठा, आणि मी पाच वर्षांचा असल्यापासून त्याला एकेरीत हाक मारत आलो. आमच्या घरात तशीच पद्धत होती. पाहुण्यांसमोर मात्र मी त्याला ‘आमचे बाबा’ म्हणू लागलो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यानं मागे वळून बघितलं, माझे वडील आलेत की काय म्हणून.

दर वर्षी वाघ तोच व्हायचा. मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो आणि सांगितलं की दर रविवारी अकरा वाजता वाघ व्हायचं आहे. त्याची बायको चुलीपाशी होती. ती आतूनच म्हणाली, “हप्त्याला वाघ? मग शेळ्या राहतील का गो बाय?” आणि स्वतःच हसली.

तो हसला नाही. त्यानं बराच वेळ तंबाखू मळली.

“गुरगुरन,” तो म्हणाला. “लोळन, पळन. तुजी माणसं काकड्या मारतील तर मारू दे. पर सबूद नाय देणार.”

“कसला शब्द?”

“नाय येणार, हा. तो त्या दिसाचा हाय. रोज रोज दिला तर खोटा पडंल. आज नाय येणार बोललो, आन फुडल्या रविवारी परत हजर, तर वाघ काय बोलंल? ह्यांचा सबूद असाच असतो, मग माजा पण तसाच.”

“बरं,” मी म्हणालो. “शब्द नाही द्यायचा. ठरलं.”

“बघ हां. तू सबूद देतोस.”

“दिला.”

हे मी लिहून ठेवतो आहे, कारण नंतर वाडीत मी अनेकदा असं बोललो की तसं काही स्पष्ट ठरलंच नव्हतं.

कल्याणच्या बाजारातून मी मखमली कापड आणलं. पट्ट्यांचं मिळालं नाही, ठिपक्यांचं मिळालं. पहिल्याच रविवारी एका मुलीनं सांगितलं, “बाबा, हा टायगर नाही, लेपर्ड आहे.” तिचे वडील मला म्हणाले, जरा ऑथेंटिक ठेवा ना. त्यांना कसं सांगणार, की आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि अख्ख्या कार्यक्रमात खरी गोष्ट तेवढीच होती.

वाघदेवापर्यंत चढण होती, पाहुण्यांचे गुडघे दुखत. म्हणून मी गाड्या लावायच्या जागेशेजारी दुसरी फळी उभी केली. मुरबाडच्या एका सुतारानं करून दिली, त्यात वाघ जरा मांजरासारखा झाला होता आणि मिशीखाली हसत होता. शेजारी पत्र्याचा बोर्ड: ‘वाघाचा खेळ – ११ वाजता’. गुराखी ठिपक्यांचं मखमल पांघरून यायचा, गुरगुरायचा, पाहुणे तीनदा विचारायचे, “येशील का परत आमच्या शिवारात?” तो तिसऱ्यांदाही नुसता गुरगुरून पळून जायचा. पाहुणे काकडी हातात धरून उभे राहत. संपलं का, असं एकमेकांना विचारत.

महिनाभरानं एक निवृत्त प्राध्यापिका आल्या. लोकजीवनाचा अभ्यास होता, वही होती. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अहो, पण वाघाचं उत्तर काय? उत्तराशिवाय विधी पूर्ण कसा होईल?” मला त्यांचं फार पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं. गुराखी शब्द देणार नव्हता, आणि त्यानं द्यावा असं मी म्हणणारही नव्हतो. तसं ठरलं होतं. पण माझ्याकडे माइक होता.

पुढच्या रविवारी तिसऱ्या प्रश्नानंतर मी भोंग्यावरून, आवाज जरा खोल करून म्हणालो, “नाही! मी पुन्हा कधीही आपल्या शिवारात येणार नाही!”

काय टाळ्या पडल्या. काकड्यांचा पाऊस पडला. मखमलाखालून गुराख्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला ती नजर कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. एका झोपडीच्या मागे, हॉर्न वाजल्यावर.

कार्यक्रम संपल्यावर तो मखमलाची घडी घालत होता. मी आपणहून म्हणालो, “शब्द तू कुठे दिलास? मी दिला. तुझ्यावर काही नाही.”

“असं का,” तो म्हणाला. “मंग तू दिलास.”

“हो, मीच.”

“बरं.”

एवढंच. मी बोर्ड नवीन रंगवून घेतला: ‘वाघाचे वचन – ११ वाजता’. होळीपर्यंत दर रविवारी मी भोंग्यावरून वचन दिलं आणि दर रविवारी मोडलं. निघताना पाहुण्यांना मी एक फॉर्म भरायला देत असे. शेवटचा प्रश्न होता, ‘आपण पुन्हा याल का?’ सगळे लिहीत, ‘नक्की.’ त्यांतलं एकही माणूस पुन्हा आलं नाही.

शिमग्यानंतर आठ दिवसांनी बिबट्यानं वाडीची कालवड नेली. भर दुपारी, चरत्या कळपातून, गुराख्याच्या डोळ्यांसमोर. असं आधी झालं नव्हतं असं नाही. पण शिवेच्या आत झालं नव्हतं. महिन्याभरात आमच्या गावातलं एक वासरू गेलं, तेही शिवेच्या आत. मी सगळ्यांना समजावत फिरलो. उंबरमाळीच्या बाजूला रान कमी झालंय, पाणवठे आटलेत, जनावर खाली उतरणारच, हा योगायोग आहे. माझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. कालवड ज्यांची होती त्या घरानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपली गुरं गुराख्याकडे पाठवली नाहीत.

मग दुसरं घर. मग आमच्या आळीतली चार. कुणी त्याला वाईट बोललं नाही. “म्हातारा झालाय, इसावा घेऊ दे,” एवढंच. पण खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या अंगावरच्या वाघानं दर रविवारी शब्द मोडला होता. आता त्याच्या शब्दावर रानातला वाघ का थांबेल? ज्याच्या शब्दावर वाघ थांबत नाही तो कसला गुराखी?

पावसाळा संपेपर्यंत त्याच्याकडे स्वतःचे दोन बैल आणि एक गाय उरली. चाळीस जनावरांमागे चालायची सवय असलेला माणूस. तीन जनावरांमागे तो इतका भरभर चालायचा की तीच मागे पडत. एकदा ओहळावर दिसला तेव्हा मी विचारलं, “बरं आहे ना?” तो म्हणाला, “टाइम लय उरतो रे.” त्याची बायको मात्र तोंड लपवणारी नव्हती. खोल्यांच्या अंगणात पाहुण्यांसमोर येऊन मला म्हणाली, “बोर्डावर लिव की. गुराखी, बिनगुरांचा. बारा वाजता.” पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग. एकानं फोटो काढला.

त्या वर्षीच्या वाघबारशीला वाडी काय करणार, याचीच चर्चा होती. गुराखी वाघ झाला तर शब्द चालायचा नाही. दुसरा झाला तर गुराखी तोच होणार, आणि म्हाताऱ्याचं काम कायमचं जाणार. आदल्या दिवशी मी वाडीतल्या जाणत्या माणसाकडे गेलो. घरात म्हातारे चार-सहा बसले होते. गुराखीही होता, दाराशी, उकिडवा.

मी तयारी करून गेलो होतो. रविवारचा खेळ कायमचा बंद, म्हणालो. मांजरासारखी फळी काढतो. कालवडीची भरपाई देतो. माझी चूक झाली, गुराख्याची नाही. मला वाटलं, ही माफी ऐकून त्यांना भरून येईल.

जाणता म्हणाला, “चूक कोनाची त्ये ठाव हाय. सबूद कोनी दिला त्ये सांग.”

“म्हणजे?”

“रविवारी. सबूद ह्यानं दिला, का तू?”

मी गुराख्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

“मी दिला,” मी म्हणालो. “भोंग्यावरून.”

“पुऱ्या वाडीनं ऐकला. ह्याचा सबूद तर तसाच हाय, कोरा. खोटा पडला तो तुजा.” मग बाकीच्यांकडे वळून तो म्हणाला, “मंग वाघ तर ह्यो. उद्या ह्यालाच करा.”

कुणीतरी हसलं. मीही हसलो. मग लक्षात आलं की मी एकटाच हसतो आहे.

दुसऱ्या दिवशी ऐनाखाली खीर शिजत होती. पाहुणा कुणी नव्हता. मला उघडं करून दोघांनी माझ्या पोटावर राखेचे पट्टे ओढले. माझं पोट त्या वेळी बरंच होतं. “वाघ गाभण हाय,” एक पोरगा म्हणाला. गुराख्यानं स्वतःची घोंगडी माझ्या पाठीवर टाकली. तिला गुरांचा आणि पावसाचा वास होता. मला गुरगुरता येईना. इतके रविवार भोंग्यावर खोल आवाज काढणारा मी, पण नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज निघाला. गुराखी हळूच म्हणाला, “पोटातून रे, पोटातून.”

मग ते सगळे काठ्या घेऊन माझ्याभोवती उभे राहिले. विचारणारा गुराखीच होता.

“येशील का परत आमच्या शिवारात?”

मी गुरगुरलो.

“येशील का परत आमच्या शिवारात?”

तेव्हा मला कळलं की काय विचारलं जातं आहे. माझ्या खोल्या, ओहळापलीकडची माझी जमीन, बोर्ड, भोंगा, अवखळ निर्झर, सगळं शिवेच्या आत होतं. मी घेरा बघितला. कुणी रागावलेलं दिसत नव्हतं. ते नुसते उत्तराची वाट बघत होते, जशी दर वर्षी बघतात. गुराख्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. मी ‘हो’ म्हणालो असतो, किंवा हसण्यावारी नेलं असतं, तर माझं काही जाणार नव्हतं. त्याचं जाणार होतं.

“येशील का परत आमच्या शिवारात?”

“नाय येणार,” मी म्हणालो.

पहिली काकडी त्याच्या बायकोनं मारली. नेम चांगला होता. बाया त्यात नसतात, पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही. मी ओहळ ओलांडून पळालो, एक चप्पल पलीकडेच राहिली. ती आणायला मी परत गेलो नाही.

खोल्या मी बाहेरूनच विकायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आता त्यांत वाडी पेंढा आणि मोटारसायकली ठेवते असं ऐकतो. मी गावातूनच जाऊन-येऊन शहापूरला एका दुकानात बसू लागलो. ते वर्ष पूर्ण होईपर्यंत बिबट्या शिवेच्या आत दिसला नाही म्हणतात. मी त्यातून काही सिद्ध करत नाही. एवढं मात्र माहीत आहे, की वाघबारशीनंतर पंधरा दिवसांत आमच्या आळीची गुरं पुन्हा त्याच्यामागे रानात गेली. वाटेत आमच्या घरासमोरून तो ओरडत जायचा, म्हणजे मला कळावं म्हणून असावं.

दोन-तीन वर्षांनी तो मला किन्हवलीच्या स्टँडवर भेटला. हातात पिशवी, अंगात नवा सदरा.

“काय रे वाघा,” तो म्हणाला, “बरा हायस ना?”

नातीचं लग्न होतं. त्यानं पत्रिका काढून हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या हातात दिली.

“लगीन वाडीत हाय,” तो म्हणाला. “तुला बोलावतो. पर येऊ नको हां.”

“नाही येणार,” मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी मी ओहळापर्यंत गेलो. अलीकडच्या काठावर दगडावर बसलो. पलीकडे ढोल वाजत होता, झाडीतून मांडवाचं लाल कापड दिसत होतं. तासाभरानं गुराख्याची बायको पळसाच्या पानाची पत्रावळ घेऊन खाली आली. भात, डाळ, वर बुंदीचा लाडू. ओहळ ओलांडून तिनं ती माझ्यापासून चार पावलांवर जमिनीवर ठेवली, जिथे वाघाचा वाटा ठेवतात, आणि म्हणाली, “खा. आन पान इकडंच टाक.”

ती वर चढून गेली. मी उठून पत्रावळ घेतली आणि दगडावर बसून जेवलो.